चतकोर भाकरीचा कोपरा

उज्ज्वला शेलारला मिळायचं होतं ते एवढं: चार तास, जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर आणि आईच्या चुलीवरची चतकोर भाकरी. बदल्यात तिने द्यायचं होतं अकरा दिवसांचं सुख. वरवरचं, पाहुण्यांपुढे मांडायचं सुख चालणार नव्हतं. अस्सल हवं होतं, आणि सलग.

सुखात राहायला कसली आलीय तोशीस, असं कुणालाही वाटेल. तिलाही वाटलं होतं. म्हणून तर ती दोनदा आपटली.

श्वासज्वराच्या साथीचं ते दुसरं वर्ष. सातारा पाच महिने दार लावून बसला होता. उज्ज्वलाचं माहेर, खडकीवाडी, पुलापलीकडे बावीस किलोमीटरवर. एरवी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी येता येईल एवढं जवळ, आणि आता परदेशाइतकं लांब. तिथे तिची आई हौसाबाई, भाऊ बाळू आणि त्याची बायको नंदा.

अडवून धरलं होतं ते मनगटावरच्या पट्ट्याने. पट्टा दिसायला रबरी बांगडीसारखा, पण कामाला पक्का. माणूस काळजीत पडला की त्याच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. ते घटकाभर आलं तर अंगाला बळ देतं. मुक्कामाला राहिलं तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना पेंग आणतं. त्याचा अंश घामात उतरतो आणि पट्टा तो चाखतो. दुसरी खूण नाडीची. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं नसतं. श्वास घेताना ते आखडतं, सोडताना सैलावतं. काळजीत ते घड्याळासारखं एकसुरी होतं. घाम आणि नाडी यांचा मेळ घालून पट्टा शंभरपैकी एक आकडा देई. त्याला म्हणत उल्हासांक.

लाखो लोकांचे आकडे जमल्यावर संशोधकांना दिसलं, की ज्यांचा उल्हासांक पन्नासच्या खाली राहतो त्यांना श्वासज्वर तिप्पट गाठतो, आणि ते तो जास्त दिवस पसरवतात. यात खोटं काही नव्हतं. त्यावर आरोग्य खात्याने जो नियम केला त्यातही खोट नव्हती: ज्याचा आकडा चांगला, त्याला आधी बाहेर सोडा. अकरा दिवस पंचाहत्तरच्या वर राहिलात की चार तासांचा भेट पास. मध्ये तासभर घसरलात की पुन्हा पहिल्यापासून. आजाऱ्याला भेटायला सत्तर पुरत. अंत्यविधीसाठी, दया म्हणून, साठ ठेवले होते. ज्याचे साठ भरत त्याला मेलेल्याचं फारसं काही वाटलेलं नसे, हे नियम करणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलं असेल. पण पट्टा त्याच्याही मनगटावर होताच.

मग सगळा गाव छंदाला लागला. पट्ट्यातली 'सखी' गोड आवाजात सांगे, हाताला काम द्या, मन आपोआप हसेल. शेलारांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कुकरच्या झाकणांवर वारली चित्रं काढली. तिसऱ्या मजल्यावर एक बाई चकलीच्या सोऱ्याने शुभेच्छापत्रं करू लागल्या. उज्ज्वलाचे यजमान भानुदासराव यांनी आठवडाभर बासरी वाजवली. तेव्हा त्यांचा आकडा चारने वाढला आणि खालच्या-वरच्यांचा मिळून तीसने पडला. इमारतीने हात जोडल्यावर त्यांनी बासरी ठेवली आणि वही घेतली.

भानुदासराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं त्यांनी खिडकीत बसून भोंग्यावरून गाड्या पुकारल्या होत्या. आता ते सातारा स्थानकाचं जुनं वेळापत्रक आठवून आठवून लिहीत. पाच-दहा कोरेगाव, पाच-वीस मेढा. गाडी आठवली की उल्हासांक चढे, अडली की पडे. सरासरी सहासष्ट. पासाची त्यांना आशा नव्हती आणि हावही नव्हती.

पट्ट्याशी खोटं बोलता येत नसे. हसू आणता येतं, घाम आणता येत नाही. म्हणून लोक एकमेकांशी खोटं बोलू लागले. नापास मुलगा आईला पास झाल्याचं सांगे. कुणाचं कुत्रं मेलं तर ते गावाला पाठवलं जाई. वाईट बातमी घेऊन फोन करणं हे उघड्या तोंडाने शिंकण्याइतकं असभ्य झालं. भानुदासराव या बाबतीत काळाच्या पुढे होते. स्थानकावर गाडी रद्द झाली तरी ते लगेच पुकारत नसत. दुसरी गाडी फलाटाला लागू द्यायची, मग सांगायचं. तोवर 'थोड्याच वेळात'. त्यांच्या खिडकीवर एकदाही दगड पडला नव्हता, याचा त्यांना अभिमान होता.

उज्ज्वलाचा छंद गोधडीचा. आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे तिच्या ट्रंकेत होते, ते जोडून ती आईसाठीच गोधडी शिवत होती. कडेपासून सुरुवात, फेऱ्यावर फेरा, धावदोरा घालत मध्याकडे. सुई चालू लागली की तिचा श्वास लांबे आणि आकडा ऐंशीच्या पुढे जाई. तीन कोपरे तिने शिवून टाकले होते. चौथा उघडा ठेवायचा ही तिच्या माहेरची रीत. गोधडी जिच्यासाठी शिवली तिच्या चुलीवरच्या भाकरीचा तुकडा त्या कोपऱ्यात सारायचा, मग तोंड मिटायचं. गोधडी उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब देत नाही म्हणे.

पहिल्या खेपेला ती सहाव्या दिवशी घसरली, कारण हौसाबाई फोनवर म्हणाल्या, "गुडघा लई ठणकतोय गं उजे." दुसऱ्या खेपेला नवव्या दिवशी, कारण फोनवरच्या चित्रात आईच्या मागे गोठा दिसत होता आणि गोठ्यात म्हैस नव्हती. तेव्हापासून हौसाबाईंचा गुडघा कधी दुखला नाही. म्हैस का विकली हेही कुणी बोललं नाही. लेकीचा आकडा आईलाही कळत होता.

तिसरी खेप सोमवारी सुरू झाली. रविवारी, सातव्या दिवशी, बाळूचा फोन आला. उज्ज्वलाला नव्हे, भानुदासरावांना. ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.

"दाजी, आई सकाळी पडली. डॉक्टर बघून गेले, हृदय दमलंय म्हणतात. साताऱ्याला आणू का विचारलं तर म्हणाले, प्रवास झेपायचा नाही."

"शुद्धीवर आहेत?"

"आहे की. मलाच दम भरतीय. म्हणतीय, उजीला कळवायचं नाही. तिचा आकडा पाडलात तर याद राखा, शुक्रवारी लेक येतीय माझी."

भानुदासरावांनी काचेतून आत पाहिलं. उज्ज्वला सुईत दोरा ओवत होती. मनगटावर हिरवा दिवा. चौऱ्याऐंशी.

त्यांनी जो विचार केला तो वाईट माणसाचा नव्हता. आता सांगितलं तर ती कोसळणार. आजाऱ्याच्या पासाला लागणारे सत्तर राहणार नाहीत, भेटीचे पंचाहत्तर तर नाहीतच. सांगून ती इथेच अडकणार. न सांगून पाच दिवसांनी आईपाशी पोचणार. गाडी लागू द्यावी.

"बरं," ते म्हणाले, "थोडं थांबू या."

आत आले तर उज्ज्वला फोनकडे पाहत होती. घरातल्या माणसांना एकमेकांचे आकडे दिसत.

"अहो, अठ्ठेचाळीस? काय झालं?"

"सव्वाआठची महाबळेश्वर आठवत नाही."

"म्हणजे?"

"सव्वाआठला महाबळेश्वर सुटायची की साडेआठला? सकाळपासून डोकं फोडतोय."

ती खळखळून हसली. "तुमचं म्हणजे अगदी…! कोण चढणार आहे आता त्या गाडीत?" तिचा आकडा सत्त्याऐंशीवर गेला. भानुदासरावांना आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटलं, आणि त्यांचाही दोनने चढला. पट्टा खोटं बोलत नसे.

रोज दिवेलागणीला मायलेकींचा फोन होई. त्या दिवशी फोन आला, पण चित्र नव्हतं.

"क्यामेरा बिघडलाय गं," हौसाबाईंचा आवाज आला. "बाळू म्हणतोय, दुकानं उघडल्यावर बघू."

"काय करतीयेस?"

"काय करणार? भाकरी थापतीय." मागे थापण्याचा आवाज येत होता. थप थप, मग फिरवल्याची सरसर, पुन्हा थप थप.

"तुला धाप लागलीय का?"

"धूर झालाय नुसता. नंदीने ओली लाकडं लावली. तू सांग, किती झाले तुझे?"

"सात झाले आई. आजचा सातवा."

"आणि गोधडी?"

"मध्यावर आलीय. तुझ्या त्या डाळिंबी लुगड्याचा तुकडा मधोमध घेतलाय. चौथा कोपरा उघडा ठेवलाय बरं का, तिथं येऊनच मिटणार."

"ठेव. चतकोर काढून ठेवते," हौसाबाई म्हणाल्या. मग थोडा वेळ नुसतं थप थप ऐकू आलं. "बरं, ठेवते आता. तवा तापलाय."

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी असाच फोन झाला. दर दिवशी थोडा आखूड. बुधवारी हौसाबाईंनी फक्त विचारलं, "दहा झाले?" आणि झाले म्हटल्यावर "शहाणी गं माझी" म्हणून ठेवून दिला. उज्ज्वलाला आईच्या तोंडून शहाणी हा शब्द ऐकायची सवय नव्हती. त्या आनंदात तिने आणखी दोन फेरे घातले.

भानुदासराव शेजारच्या खोलीत वेळापत्रक लिहीत असल्याचं दाखवत बसत, म्हणजे पडलेल्या आकड्याचा दोष एखाद्या गाडीवर जाई. बाळू दुपारी त्यांना खरा अहवाल देई. मंगळवारी बाळूने विचारलं, "दाजी, सांगू या का आता? ताईला नंतर काय वाटंल?" भानुदासराव म्हणाले, "तीनच दिवस उरलेत." बुधवारी त्यांनीच फोन हातात घेतला, बायकोपर्यंत गेले, आणि चहा टाकतेस का विचारून परत आले.

गुरुवारी उज्ज्वला लवकर उठली. अकरावा दिवस. गॅलरीतल्या उजेडात बसून ती डाळिंबी तुकड्यावरचा शेवटचा फेरा घालत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. भानुदासरावांनी दारातून पाहिलं. बऱ्याच वर्षांत ती इतकी तरुण दिसली नव्हती.

सात वाजून पाच मिनिटांनी बाळूचा फोन आला. त्याने तो लगेच नंदाकडे दिला.

"दाजी, गेल्या. सहा चाळीसला."

मग म्हणाली, "बारापर्यंत उचला म्हणतात. जास्त वेळ ठेवू देत नाहीत."

आता तरी सांगायला हवं होतं. पण भानुदासरावांनी पुन्हा मांडणी केली. सांगितलं तर तिचे साठ राहतील का? अंत्यविधीला जाता येणार नाहीच. वर उद्याचा पासही जाणार, आणि ती या दोन खोल्यांत, चार भिंतींत रडत बसणार. नाही सांगितलं तर उद्या निदान भावाच्या गळ्यात पडेल. रडायला तरी माहेर मिळेल.

"नंदा," ते म्हणाले, "उद्या ती आली की आधी पाणी द्या. मग सांगा."

"आम्ही सांगायचं?"

"तिथं माणसं असतील."

"बरं," नंदा म्हणाली. संध्याकाळी तिनेच फोन करून उज्ज्वलाला सांगितलं, "वन्सं, आई झोपल्यात. म्हणाल्या, आता उद्या समोरासमोरच बोलू."

शुक्रवारी आठला पासाची गाडी दारात आली. उज्ज्वलाने मोरपंखी साडी नेसली होती. काखेत गोधडी, तिच्या कोपऱ्यात सुई टोचलेली. जिन्यात चकलीवाल्या बाईंनी तिला ओवाळलं.

"अहो, वरण फ्रीजमध्ये आहे. भात तेवढा लावा."

"हो."

"आणि आठवली का?"

"काय?"

"सव्वाआठची महाबळेश्वर!" असं म्हणून हसत ती गाडीत बसली.

भानुदासराव टेबलाशी फोन ठेवून बसले. पुलावरच्या नाक्यावरून तिचा फोन आला. "नाक्यावरची शिपाईण म्हणते, काकू, लग्नाला निघालात का? अठ्ठ्याऐंशी आहेत माझे!" मग नुसते आकडे. खडकीवाडीच्या फाट्याला नव्वद. आठ पन्नासला नव्वदच. आठ बावन्नला एक्याऐंशी. दारात कुणी दिसलं नसेल. मग क्षणभर पंच्याऐंशी. नंदाने पाणी दिलं असेल. मग बावन्न. तेहेतीस. एकोणीस. एवढा खालचा आकडा भानुदासरावांनी कधी पाहिला नव्हता. मग आकडाच गेला आणि तिथे एक आडवी रेघ आली. तिने पट्टा काढून टाकला होता.

तीन तास ते त्या रेघेकडे पाहत बसले. भात लावला नाही.

ती बाराला परत आली. चेहरा पुसलेला, कोरडा. मोरपंखी साडीवर कुणाचं तरी जुनं पांढरं पातळ गुंडाळलेलं. गोधडी तशीच काखेत. ती खुर्चीत बसली.

"चूल थंड होती," ती म्हणाली. "सुतकात पेटवत नाहीत. शेजाऱ्यांनी पिठलं-भात आणून ठेवला होता." मग म्हणाली, "भाकऱ्या नंदा थापत होती. चारी दिवस. आई खाटेवर. नंदाला सांगायची, फोनजवळ बसून थाप."

"त्यांनीच सांगितलं होतं, तुला कळवू नका म्हणून."

"ती सांगणारच. आई होती ती." तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "किती वाजता गेली?"

वेळ विचारली की भानुदासरावांच्या तोंडून उत्तर आपोआप येई. "सहा चाळीस."

तिने फोन काढला. सकाळी, ती गाडीत बसताना, सखीचा एक निरोप आला होता. घाईत तिने उघडला नव्हता. तो तिने उघडला आणि टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. 'अभिनंदन! अकरा दिवसांतला तुमचा सर्वांत आनंदी काळ: गुरुवार, सकाळी ६:३० ते ६:४५. उल्हासांक ९३.'

भानुदासरावांनी ते दोनदा वाचलं.

"स्टँडवर गाडी रद्द झाली," उज्ज्वला म्हणाली, "की तुम्ही कधी सांगायचात?"

"दुसरी लागली की."

"इथं दुसरी कुठली होती?"

भानुदासरावांनी फोन तिच्याकडे परत सरकवला.

"चार तास मिळवून दिलेत मला," ती म्हणाली. "आणि चार फोन घेतलेत. मला तास नको होते हो. ती म्हणाली असती, उजे, भ्या वाटतंय. मी काहीतरी म्हटलं असतं. काय म्हटलं असतं ते आता मलाही माहीत नाही. मी तिला दोऱ्याचा रंग सांगत बसले."

"तुला जाता आलं नसतं गं."

"तशीही कुठं गेले? ती नव्हतीच तिथं." ती उठली. "आणि महाबळेश्वर… मी हसले होते."

पट्टा काढल्याबद्दल दोघांना एकवीस दिवस दाराबाहेर पाऊल टाकायची मनाई झाली आणि नवा पट्टा घरपोच आला. तो तिने मुकाट बांधला. दुसऱ्या दिवशी सखी म्हणाली, "तुमचा उल्हासांक थोडा कमी दिसतोय. एखादा छंद जोपासून पाहा. उदाहरणार्थ, गोधडी शिवणं तुम्हाला आवडतं."

साथ पुढे सात महिन्यांनी ओसरली. खात्याच्या दफ्तरी उज्ज्वलाच्या पासापुढे 'भेट यशस्वी, वेळेत परत' अशी नोंद आहे, आणि खात्याच्या बाजूने ती खरीच आहे. पट्टे उतरले. वाईट बातम्या पुन्हा थेट घरी येऊ लागल्या, आणि लोकांना त्यांची सवय राहिली नव्हती.

भानुदासरावांना या सगळ्यात एक गोष्ट मिळाली, जी त्यांनी मागितली नव्हती असं ते म्हणतात: बायकोला तिची आई गेल्याचं सांगावं लागलं नाही. ते काम नंदाने केलं. पाण्याचा तांब्या हातात घेऊन, मोरपंखी साडी नेसून हसत आलेल्या नणंदेला ते वाक्य सांगणं तिच्या वाट्याला आलं, आणि अजूनही उज्ज्वला दारात आली की ती पाण्याचा तांब्या बाळूच्या हाती देते. हौसाबाईंनी आपल्या वाट्याची किंमत चार दिवस भरली, धाप दाबून, खाटेवर पडून. भानुदासरावांचं वेळापत्रक सव्वाआठपाशी थांबलं आहे. तिच्या मनात काय आहे हे ते विचारत नाहीत आणि उज्ज्वला सांगत नाही, इतकंच. बाकी घर व्यवस्थित चाललं आहे, वरण, भात, औषधं, सगळं वेळेवर.

गोधडी ट्रंकेत आहे. पांघरायला काढत नाहीत. तीन कोपरे मिटलेले, चौथ्यात सुई अडकवलेली. एकदा भानुदासरावांनी स्वतः भाकरी केली. जाड, कडेला करपलेली. तिचा चतकोर ताटलीत घालून गोधडीशेजारी ठेवला. उज्ज्वलाने तो पाहिला. मग बसून कोरड्यासाबरोबर खाऊन टाकला, ताटली धुतली आणि ट्रंक लावली. गोधडीला भाकरी दुसऱ्या चुलीवरची लागत होती, आणि ती देणं ज्याच्याकडे निघत होतं त्याच्याकडे ती चूल नव्हती.